संशय पांढऱ्या किड्यांवर, चोर मॉसमध्ये: झाडांबरोबर टाकीत आलेल्या जिवांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही ॲक्वेरियमची टाकी माझी नाही, ओळखीच्या एका ताईंची आहे. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव-गाव सोडून बाकी सगळं जसं घडलं तसं. टाकी 45 लिटरची, मासा एकही नाही. लाल चेरी श्रिम्प (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी), एक स्पंज फिल्टर, दोन नेराइट गोगलगायी आणि कधीतरी आपोआप आलेल्या थोड्या रॅम्सहॉर्न गोगलगायी, बस. टाकी सहा महिने चाललेली होती, पाणी छान बसलेलं, श्रिम्पनी दोन-तीन वेळा पिल्लं दिलेली. ताई रोज संध्याकाळी खाणं टाकताना टॉर्च मारून पिल्लं मोजायच्या. अंदाजेच मोजणं ते, पण रोज मोजलं की अंदाज पक्का होत जातो. तेव्हा आकडा चाळीसच्या आसपास होता.

मग एकांकडून त्यांना झाडं मिळाली. घराबाहेर उघड्यावर ठेवलेल्या टबात वाढलेली, चांगली टवटवीत, दोन-तीन जातींच्या काड्या आणि मॉसचा, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या बारीक पानांच्या शेवाळ्यासारख्या वनस्पतीचा, एक मोठा झुपका. ताईंनी ती नळाखाली खळखळून धुतली आणि त्याच दिवशी टाकीत लावली. बहुतेकजण हेच करतात, मीही वर्षानुवर्षं हेच केलंय. पण "उघड्यावरचा टब" ही गोष्ट त्या दिवशी आम्हा दोघांच्याही डोक्यात शिरली नाही. उघड्या पाण्यावर काय काय येऊन बसतं आणि अंडी घालून जातं याचा विचार तेव्हाच केला असता तर पुढचं बरंच टळलं असतं.

काय झालं

साधारण आठव्या दिवशी काचेवर तिळाहूनही लहान, पिवळसर करडे ठिपके पळताना दिसले. ताईंनी विचारलं, मी सांगितलं ऑस्ट्राकॉड आहेत. दोन शिंपल्यांच्या मधे बसलेला बारका जीव, दाणा घरंगळल्यासारखा एका चालीत पळतो. त्यांच्यासोबत झटके देत उड्या मारणारे पांढरे ठिपकेही होते, ते सायक्लॉप्स. मादी असली तर मागे अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या दिसतात. दोन्ही निरुपद्रवी, उलट टाकीत खाणं-पिणं व्यवस्थित आहे याची खूण. इथवर सगळं ठीक होतं.

बाराव्या दिवशी एक फोटो आला. मॉसवर काहीतरी हिरवट तपकिरी, सहा पाय, मागे तीन शेपट्या, आणि फोटो हललेला. त्या फोटोवर पुढे सविस्तर लिहितो कारण सगळ्या प्रकरणातली मोठी चूक तिथेच झाली, आणि ती माझी होती.

एकोणिसाव्या दिवशी ताईंचा मेसेज आला, "अरे, काचेवर पांढरे किडे झालेत, वीस-पंचवीस तरी असतील, आणि पिल्लं दिसतच नाहीयेत. काल दहाच्या वर मोजता आली नाहीत. प्लॅनेरिया आहेत का? औषध टाकू का आज?"

घाबरायचं कारण होतं. प्लॅनेरिया हा चपटा कृमी, तो श्रिम्पची पिल्लं खातो, कात टाकून मऊ पडलेल्या मोठ्या श्रिम्पलाही सोडत नाही. कापला तर तुकड्यांतून नवे तयार होतात. श्रिम्प पाळणाऱ्याला नुसतं नाव ऐकलं तरी धडकी भरते. पांढरे किडे दिसले आणि पिल्लं गेली, म्हणजे हेच ते, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलंच.

पर्याय काय काय होते

त्या संध्याकाळी फोनवर बसून चार गोष्टींचा विचार केला.

पहिला म्हणजे लगेच औषध. अशा वेळी लोक फेनबेंडाझोल वापरतात, जनावरांच्या जंतांवरचं औषध. प्लॅनेरिया आणि हायड्रा (काचेला चिकटून राहणारा, डंख करणारा बारका जीव) दोन्ही त्याने मरतात आणि श्रिम्पना सहसा काही होत नाही. पण नेराइट गोगलगायींना ते बाधतं आणि टाकीत बराच काळ रेंगाळतं. सुपारीच्या अर्काची जी औषधं मिळतात तीही काही गोगलगायींना मानवत नाहीत. शिवाय टाकीतले सगळे कृमी एका रात्रीत मेले तर ते तिथेच कुजणार, अमोनिया वाढणार, आणि उरलेल्या पिल्लांवर तेच शेकणार. आणि मुळात हे किडे प्लॅनेरिया नसले तर? मग गोगलगायी घालवून हाती काय लागलं?

दुसरा, सगळं उपसून नव्याने सुरुवात. ताई त्या रात्री यालाच तयार होत्या. मी म्हटलं, ताई, तुम्ही सहा महिने बसवलेली टाकी मोडणार, आणि तीच झाडं पुन्हा लावणार असाल तर किडे परत येणारच, आणि झाडं टाकून द्यायची असतील तर आधी कुठल्या झाडात काय आहे ते तरी कळू दे.

तिसरा, किडे खाणारा एखादा छोटा मासा सोडायचा. हा सल्ला फार सर्रास दिला जातो. पण जो मासा 3 मिलिमीटरचा कृमी टिपतो तो 2 मिलिमीटरचं श्रिम्पचं पिल्लूही टिपणार, त्याला फरक कळत नाही. आगीतून फुफाट्यात.

चौथा, तीन दिवस काहीही न टाकता बघायचं. किडा पकडायचा, तो कोण आहे ते ठरवायचं आणि मग हात घालायचा.

चौथा घेतला. सोपा मुळीच नव्हता, कारण या तीन दिवसांत आणखी पिल्लं जाणार हे दिसत होतं. ताईंनी सरळ विचारलं, "आणि तेवढ्यात उरलेली पण गेली तर?" मी म्हटलं, मोठ्या माद्या आहेत, त्यातल्या दोघींच्या पोटाला अंडी आहेत, पिल्लं पुन्हा होतील. चुकीचं औषध मात्र काढून घेता येत नाही. आजही मला हा निर्णय बरोबर वाटतो. फक्त त्या तीन दिवसांत आम्ही जिथे बघितलं ती जागा अपुरी होती.

तीन दिवस, भिंग आणि पांढरी ताटली

सामान घरातलंच. ड्रॉपर, पांढरी ताटली, दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च, झाकणाची छोटी बाटली. खाणं टाकणं बंद.

ताईंनी काचेवरचा एक किडा ड्रॉपरने अलगद ओढून ताटलीत दोन थेंब पाण्यात सोडला आणि भिंगाला मोबाइल लावून व्हिडिओ पाठवला. फोटो नको, व्हिडिओच हवा असं मी सांगितलं होतं. एवढं शहाणपण तोवर आलं होतं.

व्हिडिओत जेमतेम 2 मिलिमीटरचा पांढुरका जीव, दोन्ही टोकं गोलसर, काचेवरून पाणी सरकावं तसा सरकतोय, अंग वळवळत नाही. सरकण्यावरून चपटा कृमी हे नक्की. पण प्लॅनेरियाचं डोकं बाणाच्या टोकासारखं त्रिकोणी असतं, चालताना ते उचलून डावीउजवीकडे फिरवतो, आणि डोक्यावर दोन डोळे असे की तिरळा बघतोय असं वाटावं. ह्याला त्रिकोण नव्हता. लोक डोळ्यांचे ठिपके बघून ठरवतात, तसं करू नका, कारण ह्या दुसऱ्या बारक्या कृमींतही काहींना ठिपके असतात. डोक्याचा आकार बघायचा, तोही तो सरळ पुढे सरकत असताना, कारण आखडला की सगळेच गोळे दिसतात. हे होते रॅब्डोसीला, प्लॅनेरियाचे भाऊबंद पण आकाराने फारच लहान, श्रिम्पना त्यांचा काही त्रास नाही. उरलेलं अन्न आणि सूक्ष्म जीव खाऊन राहतात, खाणं जास्त पडलं की वाढतात.

गंमत म्हणजे काचेवर एकच जात नव्हती. दुसऱ्या व्हिडिओत दोऱ्यासारखा लांब, वाळूतून अर्धा बाहेर येऊन डुलणारा एक निघाला. पाण्यात सुटला की एसच्या आकारात वळवळत पोहायचा. भिंगाखाली अंगावर कडी दिसत होती आणि बाजूने बारीक केस. तो डेट्रिटस वर्म, गांडुळाच्या कुळातला, वाळूतला गाळ खाणारा. ताईंना लांबून सगळे "पांढरे किडे" दिसत होते, जवळून दोन वेगळी कुळं, आणि दोन्ही निर्दोष.

तरी खात्री म्हणून रात्री सापळा लावला. छोट्या बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून आत गोठवलेल्या ब्लडवर्मचा (माशांना खायला देतात त्या लाल अळ्यांचा) एक तुकडा, आणि बाटली वाळूवर आडवी. प्लॅनेरिया असतील तर वासाने रात्रीत आत जमतात. सकाळी बाटलीत ऑस्ट्राकॉड आणि सायक्लॉप्सच होते, प्लॅनेरिया एकही नाही. दुसऱ्या रात्रीही तेच.

म्हणजे ज्यांच्यावर संशय होता ते सुटले. पण पिल्लं कमीच होत होती.

हायड्रा मिळाला आणि तपास तिथेच थांबणार होता

तेविसाव्या दिवशी ताईंना समोरच्या काचेवर वरच्या बाजूला, उजेडाकडे, काहीतरी लटकलेलं दिसलं. सेंटिमीटरभर लांब, फिकट तपकिरी दोरा, एक टोक काचेला चिकटलेलं आणि दुसऱ्या टोकाला सहा-सात बारीक हात पसरलेले. ड्रॉपरचं टोक लावल्याबरोबर सगळं आखडून मोहरीएवढा गोळा झाला, आणि दोन-तीन मिनिटांनी हळूहळू पुन्हा उलगडलं. हायड्रा ओळखायला एवढं पुरतं. एकाच्या अंगाला फांदी फुटल्यासारखं पिल्लूही होतं. हायड्राच्या हातांवर डंख करणाऱ्या पेशी असतात, त्यात श्रिम्पचं नुकतं जन्मलेलं पिल्लू अडकू शकतं.

आम्हाला दोघांनाही हायसं वाटलं. चोर मिळाला. ताई म्हणाल्या, "घासून काढते काच." मी घाईने थांबवलं, कारण हायड्रा घासला की त्याचे तुकडे होतात आणि तुकडे पुन्हा पूर्ण हायड्रा होतात. अब्राहम ट्रेंबले नावाच्या निसर्गअभ्यासकाने 1740 च्या दशकात नेमके हेच प्रयोग केले होते, हायड्रा कापायचा आणि प्रत्येक तुकड्याला नवं डोकं, नवं बूड कसं फुटतं ते बघायचं. त्याचं लिखाण 1744 मध्ये छापून आलं, आणि प्राणी कापून दोन होऊ शकतो हे वाचून तेव्हाची विद्वान मंडळी चक्रावून गेली होती. तर घासणं रद्द. ड्रॉपरचं टोक अगदी बुडाशी नेऊन झटक्यात ओढून घ्यायचं, असे पाच काढले.

आणि मग दोन दिवस आम्ही खूश होतो. इथे थांबून विचार करायला हवा होता. हायड्रा होते पाच, तेही काचेच्या वरच्या भागात. पिल्लं राहायची खाली मॉसमध्ये. पाच हायड्रा पंधरा दिवसांत तीस पिल्लं खातील, तेही स्वतः मॉसकडे न जाता? हिशोब बसत नव्हता, पण सापडलेला गुन्हेगार सोडून पुन्हा शोधायला कुणाचं मन होत नाही. घडलेलं नुकसान समोर आहे आणि नुकसान करू शकणारा एक जीवही सापडला, म्हणजे त्यानेच केलं असं धरून बसलो. खरं तर दोन्हीचा मेळ बसतोय का ते तपासायचं राहिलंच होतं.

सत्ताविसाव्या दिवशी ताईंनीच ते लक्षात आणून दिलं. मॉसच्या बुडाशी त्यांना एका अर्धवट वाढलेल्या श्रिम्पचं धड मिळालं, सेंटिमीटरभर, डोकं नाही. आधी मला वाटलं कात असेल. श्रिम्पची कात पारदर्शक असते, काचेच्या कागदासारखी, आणि डोकं व पाठ यांच्या सांध्यावर फाटलेली. हे तसं नव्हतं, गुलाबी, अपारदर्शक, मांस असलेलं, आणि पुढचा भाग कुरतडलेला. मेलेला श्रिम्प बाकीचे श्रिम्प आणि गोगलगायी लवकरच संपवतात, त्यामुळे असा पुरावा मिळणं हेच नशीब. सेंटिमीटरभर श्रिम्पचं डोकं कुरतडून खाणं हायड्राचं काम नव्हे. त्याला चावणारं तोंड लागतं.

तेव्हा मला बाराव्या दिवसाचा फोटो आठवला.

तो फोटो

परत काढून बघितला. हिरवट तपकिरी, सहा पाय, मागे तीन शेपट्या. त्या दिवशी मी लिहिलं होतं, "मेफ्लायची अळी आहे, शेवाळ खाते, राहू द्या." एक ओळ, दहा सेकंदांत.

तीन शेपट्या असलेल्या अळ्या दोन. एक मेफ्लाय या पाण्याकाठी उडणाऱ्या नाजूक कीटकाची, ती खरंच बापडी, शेवाळ आणि गाळ खरवडून खाते. दुसरी टाचणीची अळी. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण, बसली की पंख पाठीवर मिटून घेणारी. टाचणीची अळी पक्की शिकारी, जे हलेल ते खाते. फरक स्पष्ट असतो पण बघायला लागतो. मेफ्लायच्या शेपट्या धाग्यासारख्या बारीक, आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना ओळीने कल्ले, पानांसारखे, सतत फडफडणारे. टाचणीच्या पोटाच्या बाजू साफ असतात, तिचे कल्ले म्हणजेच त्या मागच्या तीन "शेपट्या", चपट्या, लांबट पानासारख्या. टाचणीचं डोकं रुंद, डोळे दोन टोकांना. आणि पोहणं बघितलं तर शंकाच राहत नाही, टाचणीची अळी माशासारखी अंग डावीउजवीकडे हलवत जाते, मेफ्लायची वरखाली झटके देत. दोन सेकंदांचा व्हिडिओ मागितला असता तर त्याच दिवशी कळलं असतं.

फोटोत शेपट्या हललेल्या होत्या, धागे की पानं ते दिसतच नव्हतं. प्रामाणिक उत्तर "यावरून सांगता येणार नाही, पुन्हा काढा" हे होतं. मी ते दिलं नाही, कारण "राहू द्या" म्हणणं सोपं होतं आणि समोरच्यालाही तेच ऐकायचं असतं. त्या एका ओळीपायी पंधरा दिवस ती अळी मॉसमध्ये निवांत जेवत राहिली. ताईंना मी हे तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, मीही पुन्हा बघितलं नाही." पण विचारणाऱ्याने विश्वास ठेवला यात त्याचा काय दोष?

मॉस उपसला

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचंच पाणी पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन मॉसचा झुपका त्यात आणला. इथे आणखी एक निर्णय होता, मॉस थोडाथोडा तपासायचा की एकदम. एकदम काढला तर त्यात दडलेले श्रिम्पही येतात आणि त्यांना धक्का बसतो. पण थोडाथोडा काढला तर अळी उरलेल्यात सरकते. एकदम काढायचं ठरवलं, सावकाश, आणि सोबत आलेले श्रिम्प चमच्याने उचलून परत सोडायचे.

झुपका ट्रेमध्ये पाच-सहा वेळा हलवला. आधी नुसता गाळ, गोगलगायीची पिल्लं, एक-दोन श्रिम्प. ताई म्हणाल्या काही नाही यात. मी म्हटलं पाच मिनिटं ट्रे तशीच ठेवा, हात लावू नका. गाळ खाली बसला, पाणी निवळलं, आणि मॉसचा एक तुटका तुकडा म्हणून ज्याच्याकडे दोनदा दुर्लक्ष झालं होतं तो चालायला लागला. सव्वा सेंटिमीटर, रंग हुबेहूब मॉसचा, मागे तीन पानं.

तिला एका ग्लासात वेगळं ठेवलं आणि एक सायक्लॉप्स सोडला. ताईंनी पाठवलेला तो व्हिडिओ मी अजून जपून ठेवलाय. अळी हलत नाही, नुसतं डोकं वळवते. सायक्लॉप्स जवळ आल्यावर तोंडाखालून काहीतरी लखकन बाहेर येऊन परत जातं, आणि सायक्लॉप्स तोंडात असतो. तो तिचा खालचा ओठ, घडी करून हनुवटीखाली ठेवलेला, टोकाला चिमटा. साध्या वेगाने बघितलं तर दिसतही नाही, सावकाश चालवून बघावं लागलं.

ती इतकी मोठी होती म्हणजे झाडांबरोबर अळी म्हणूनच आली असणार. पुढच्या दोन आठवड्यांत आणखी तीन मिळाल्या, त्या मात्र 4-5 मिलिमीटरच्या होत्या. त्या बहुधा अंड्यांतून नंतर निघालेल्या, कारण टाचणीची मादी अंडी झाडाच्या देठात खुपसून घालते, आत, पृष्ठभागावर नाही. नळाखाली कितीही धुतलं तरी ती निघत नाहीत. म्हणून एक मिळाली की काम झालं असं न धरता ताईंनी दर तीन दिवसांनी मॉस ट्रेमध्ये हलवायचा नेम ठेवला, सलग दोन वेळा काही मिळालं नाही तेव्हाच थांबल्या.

औषधाचा विषय इथे पुन्हा निघाला. फेनबेंडाझोल कृमींसाठी, किड्यांच्या अळीवर त्याचा भरवसा नाही. आणि किडे मारणारं काही टाकलं तर श्रिम्पही मरणार, कारण दोघं एकाच संधिपाद घराण्यातले. म्हणजे एकोणिसाव्या दिवशी औषध टाकलं असतं तर निरुपद्रवी कृमी मेले असते, नेराइट गेल्या असत्या, आणि खरी शिकारी जिथल्या तिथे राहिली असती.

पकडलेल्यांचं काय केलं

ताईंना त्यांना मारायचं नव्हतं, मलाही नाही. टाचणीची अळी डासांच्या अळ्या खाते, ती वाईट नाही, फक्त चुकीच्या घरात आली. तळ्यात सोडू का असं त्यांनी विचारलं, त्याला मी नाही म्हटलं. टाकीतलं काहीही, झाड, पाणी, गोगलगाय, किडा, नैसर्गिक पाण्यात सोडायचं नाही, त्याबरोबर न दिसणारं काय जातंय ते आपल्याला माहीत नसतं. 2021 मध्ये अमेरिकेत विकायला आलेल्या मॉसबॉलमध्ये झेब्रा मसल हे आक्रमक शिंपले निघाले होते, तेही शेवाळाच्या गोळ्यात लपूनच. शेवटी चारही अळ्या ज्या टबातून झाडं आली त्याच टबात परत गेल्या. टबवाल्यांनीही आनंदाने घेतल्या, त्यांच्याकडे डास होते.

निकाल

अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लं मोजली तर सहा. त्यानंतर घट थांबली. दोन्ही माद्यांपैकी एकीने आठवड्याभरात पिल्लं सोडली, दुसरीने मात्र मॉस उपसल्याच्या धावपळीनंतर अंडी टाकून दिली. ते आमच्या एकदम उपसण्याच्या निर्णयाचं मोल होतं. दोन महिन्यांनी आकडा पस्तिशीच्या घरात आला.

नेराइट दोन्ही आहेत. पांढरे कृमी खाणं निम्म्यावर आणल्यावर आपसूक कमी झाले, आजही टॉर्च मारला तर दोन-चार दिसतात, ताई आता बघून सोडून देतात. हायड्रा मधे दोनदा पुन्हा दिसले, ड्रॉपरने काढले.

परत करायचं झालं तर

झाडं आली की आधी विचारायचं, कुठे वाढलेली. उघड्यावरची असतील तर किड्यांच्या अळ्या आणि अंडी आहेतच असं धरून चालायचं. टिश्यू कल्चरची, बंद डबीतल्या जेलमधली असतील तर हा प्रश्नच नाही. उघड्यावरची असतील तर मात्र तीन-चार आठवडे झाडं साध्या काचेच्या बरणीत, उजेडात, एकही श्रिम्प न ठेवता. दर काही दिवसांनी पांढऱ्या ट्रेमध्ये हलवायची, पाच मिनिटं थांबायचं, मग बघायचं. ते थांबणं महत्त्वाचं, दडलेला जीव पाणी शांत झाल्यावरच हलतो.

ब्लीचमध्ये बुडवणं हाही उपाय आहे, साध्या घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे एकोणीस, दीड-दोन मिनिटं, नंतर भरपूर धुऊन क्लोरीन काढणाऱ्या द्रावणात. जाड पानांच्या झाडांना चालतं, मॉस आणि नाजूक काड्या त्यात टिकत नाहीत, आणि आमचा प्रश्न मॉसमध्येच होता. देठाच्या आतल्या अंड्यांपर्यंत ते पोचेलच असंही नाही. त्यामुळे बरणीला पर्याय नाही असं माझं मत झालंय.

ओळख पटवायला विचारत असाल तर व्हिडिओ पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि स्वतः बघताना पहिला प्रश्न रंगाचा नको, रंग सगळ्यांचे पांढरे, तपकिरी, हिरवट असेच असतात. पाय आहेत का, अंगावर कडी आहेत का, सरकतो, वळवळतो की वाकून पावलं टाकतो, दोन्ही टोकांना काय आहे, हे आधी. मी स्वतःपुरता एक नियम घातलाय, हललेल्या फोटोवर "राहू द्या" म्हणायचं नाही.

मागच्या महिन्यात ताईंनी पुन्हा झाडं आणली, या वेळी बरणीत. अकराव्या दिवशी व्हिडिओ आला, सोबत मोजपट्टी, 8 मिलिमीटर. काचेवर एक चपटा तपकिरी जीव, पुढचं टोक चिकटवतो, मागचं ओढून जवळ आणतो, पुन्हा पुढचं. ताईंनी खाली लिहिलं होतं, "दोन्ही टोकांना चोषक आहेत, कडी आहेत, जळू आहे, गोगलगायींवर जगणारी असावी. आणि पोटाखाली बघ, पिल्लं धरून बसलीये." मी व्हिडिओ तीनदा बघितला. पिल्लं होती, दहा-बारा, आईच्या पोटाला चिकटून हलत होती.